पंज्याची विद्या : चिनी युद्धकलांतील पकड आणि बोटांची कमावणी

माणसाची बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. त्यांचा पसारा कोपराच्या आसपासपासून अग्रबाहूभर असतो, आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातील अरुंद बोगद्यातून तळहातात उतरून, बोटांच्या हाडांवर बसलेल्या तंतुमय कड्यांखालून सरकत, थेट शेवटच्या दोन पेरांपर्यंत पोहोचतात; तळव्यातील हाडांच्या फटींत आणि अंगठा व करंगळी यांच्या बुडाशी असलेले लहान स्नायू या ओढीला दिशा देतात. म्हणून ज्याला बोटे कमवायची असतात त्याला प्रत्यक्षात अग्रबाहू, मनगट, कंडरा आणि सांधे कमवावे लागतात, आणि ही चारही अंगे एकाच गतीने कमावली जात नाहीत. चीनमधील युद्धकलांत पंज्याची जी विद्या घडत गेली तिच्या बहुतेक पद्धती, त्यांतील पथ्ये, त्यांना लागणारी वर्षे आणि त्यांतून होणारे अपघात या एका शरीररचनेतून उलगडतात. या विद्येच्या जुन्या वस्तादांपुढे शवविच्छेदनाची चित्रे नव्हती. तरीही त्यांनी आखलेले व्यायाम अग्रबाहूला आणि मनगटालाच आधी हात घालतात, हे त्यांच्या निरीक्षणाचे यश मानले पाहिजे.

‘पंजा’ हा शब्द येथे चिनी ‘जाओ’ या संज्ञेसाठी वापरला आहे. पक्ष्याची नखे आणि श्वापदाचा पंजा या दोहोंना तो शब्द लागू पडतो, आणि युद्धकलेत तो हाताच्या अशा सर्व ठेवणींना लागतो ज्यांत मूठ मिटलेली नसते, तळहात सपाट नसतो आणि बोटांची वरची पेरे आत वळलेली असतात. यांतील दोन ठेवणी सर्वांत प्रसिद्ध आहेत. गरुडपंज्यात, म्हणजे ‘यिंगजाओ’मध्ये, चार बोटे एकमेकांना चिकटलेली असतात, त्यांचे मधले व टोकाचे सांधे वाकलेले असतात आणि अंगठा त्यांच्या समोर उभा राहतो; व्याघ्रपंज्यात, म्हणजे ‘हूजाओ’मध्ये, पाचही बोटे फाकलेली असतात, टोके आत वळतात, पण बोटांच्या बुडाचे सांधे मागे ताणले जाऊन तळहाताचा खालचा, मनगटालगतचा भाग पुढे येतो. हा फरक शोभेचा नाही. चिकटलेली बोटे एकमेकांना आधार देतात, त्यामुळे ओढीचा भार एकट्या करंगळीवर किंवा अनामिकेवर पडत नाही आणि हाताला मनगट, बाही किंवा कोपर धरून ठेवता येते. फाकलेली बोटे धरण्याच्या कामी तितकी भक्कम नसतात, परंतु तळहाताच्या आघातानंतर चेहऱ्यावर, मानेवर किंवा दंडावर सरकत खाली ओढण्यासाठी ती अधिक जागा व्यापतात. ड्रॅगनपंजा किंवा ‘लाँगजाओ’ ही तिसरी ठेवण घराण्यागणिक बदलते. तिचा भर बहुधा मनगटाच्या पिळावर असतो. करकोच्याची चोच आणि प्रार्थनाकीटकाचा आकडा या ठेवणीही प्राणिसृष्टीतून आलेल्या असल्या, तरी त्यांत बोटांनी आवळण्याची क्रिया गौण असल्यामुळे पंज्याच्या चर्चेत त्या बाजूला ठेवणेच योग्य ठरते.

पंज्याचे लोकांच्या मनातील चित्र फाडण्याचे आहे, विद्येतील त्याचे काम मात्र धरण्याचे आहे, आणि हा भेद नीट न समजल्यामुळेच बोटे कमावण्याविषयी बहुतेक गैरसमज पसरले आहेत. पंज्याचा खरा संसार ‘छिनना’ या शास्त्राशी आहे. छिनना म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून जखडण्याचे तंत्र. त्याची परंपरागत मांडणी चार अंगांनी केली जाते: स्नायू व कंडरा आपल्या जागेवरून ताणून वेगळ्या करणे, सांध्यातील हाडे उलट्या दिशेने वळवणे, श्वास कोंडणे, आणि रक्तवाहिन्या किंवा मर्मस्थाने दाबणे. या चारही कामांत बोटांनी पहिल्या क्षणी अचूक जागा गाठायची असते आणि नंतरचे बळ कंबर, पाठ व पायांतून यायचे असते. बोटे ज्या क्षणी सगळे काम स्वतःवर ओढून घेतात त्या क्षणी डाव फसतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेतून जाणारी मज्जातंतूची शीर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील मांसल उंचवटा, खांद्याच्या वरच्या कडेचा स्नायू ही ठिकाणे पंज्याला प्रिय असण्याचे कारण इतकेच की तेथे मज्जातंतू त्वचेच्या जवळून जातात किंवा हाडावर दाबले जाऊ शकतात, आणि थोड्या दाबानेही तीव्र कळ उठते.

पकडीचे आणखी एक मर्म वाचकाला स्वतःच्या हातावर पडताळून पाहता येईल. मनगट सरळ किंवा किंचित मागे झुकलेले असताना मूठ घट्ट आवळता येते. तेच मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवले की मूठ सैल पडते आणि बोटे आपोआप उघडू लागतात, कारण वाकलेल्या मनगटावरून जाणाऱ्या मागच्या कंडरा ताणल्या जातात आणि पुढच्या कंडरांना ओढण्यासाठी पुरेशी लांबी उरत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हातातील शस्त्र सोडवण्याचे छिननातील कितीतरी डाव या एकाच वस्तुस्थितीवर उभे आहेत, आणि पंजा लढवणाऱ्याने आपले स्वतःचे मनगट कधीही आत कोलमडू देऊ नये, हा नियमही तिच्यातूनच येतो. व्याघ्रपंज्यात तळहात पुढे आणि बोटे मागे ठेवण्याचा आग्रह याच कारणाने धरला जातो.

गरुडाचे नाव घेतले जाते, पण गरुडाच्या पायाची एक सोय माणसाला नाही. शिकारी पक्ष्यांच्या बोटांतील कंडरा आणि तिच्याभोवतीचे आवरण यांच्या पृष्ठभागावर अशा खाचा असतात की पकड एकदा बसली की त्या एकमेकींत अडकतात आणि पक्ष्याला स्नायूंचे सतत बळ न लावताही भक्ष्य धरून ठेवता येते. माणसाची पकड मात्र क्षणाक्षणाला स्नायूंनीच पोसावी लागते, आणि ती थकते. गरुडपंजा शिकणाऱ्यांचे कष्ट बव्हंशी या थकव्याशीच झुंजण्यात खर्च होतात.

प्राण्यांच्या हालचालींचे अनुकरण चीनमध्ये युद्धकलेच्या कितीतरी आधीपासून आरोग्यसाधनेत दिसते. हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेल्या एका थडग्यातून रेशमावर काढलेला व्यायामचित्रांचा पट मिळाला असून त्यातील ४४ आकृत्यांपैकी काही पशुपक्ष्यांच्या हालचालींवर बेतलेल्या आहेत. आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी मरण पावलेला प्रसिद्ध वैद्य हुआ तुओ याच्या नावावर वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या पाच ‘क्रीडा’ सांगितल्या जातात. या व्यायामांचा आणि पुढच्या पंज्याच्या विद्येचा थेट वंश जोडण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण मधल्या हजार-दीड हजार वर्षांत तसा धागा दाखवणारा पुरावा नाही. प्राण्याच्या शरीरात शिरून आपले शरीर समजून घेण्याची एक जुनी सवय त्या संस्कृतीत होती, एवढेच त्यातून निष्पन्न होते, आणि तेवढे पुरेसे आहे.

पकडीच्या विद्येचा पहिला भक्कम उल्लेख मिंग राजवटीचा सेनापती छी जिग्वांग (१५२८–१५८८) याच्या ‘जीश्याओ शिन्शू’ या लष्करी ग्रंथात सापडतो. किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांशी लढण्यासाठी त्याने सैन्य उभारले होते, आणि १५६० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथातील मुष्टियुद्धावरच्या प्रकरणात त्याने त्या काळच्या नामवंतांची यादी देताना कोणी लाथेसाठी, कोणी पाडण्यासाठी, तर ‘गरुडपंजा वांग’ म्हणून ओळखला जाणारा एक जण पकडीसाठी प्रसिद्ध असल्याचे नोंदवले आहे. वांगविषयी यापलीकडे काहीही माहिती नाही. परंतु सोळाव्या शतकात पकड ही स्वतंत्र ख्याती मिळवून देणारी विद्या होती आणि तिला गरुडाचे नाव लागलेले होते, हे या एका ओळीने सिद्ध होते. त्याच सेनापतीने निःशस्त्र युद्धाचा मोठ्या रणात फारसा उपयोग नाही, मात्र हातपाय तयार करण्यासाठी ते उत्तम, असे मतही नोंदवले आहे. बोटे कमावण्याच्या सर्व थोर कथा वाचताना एका अनुभवी सेनानीचे हे मत विसरणे परवडणारे नाही.

गरुडपंज्याची घराणी मात्र आपला मूळपुरुष म्हणून छी जिग्वांगच्याही चार शतके आधीचा सोंग राजवटीतील सेनापती युए फेई (११०३–११४२) याचे नाव घेतात. युए फेईने आपल्या सैनिकांना १०८ पकडी शिकवल्या आणि त्यांच्या बळावर जुर्चेन आक्रमकांशी झुंज दिली, असे परंपरा सांगते. राजनिष्ठा आणि अन्यायाने आलेला मृत्यू यांमुळे युए फेई हा चिनी मनातील सर्वांत पूजनीय वीरांपैकी एक झाला, आणि अशा वीराच्या पायाशी आपली विद्या नेऊन ठेवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. इतिहास म्हणून मात्र ती स्वीकारता येत नाही. लिखित आणि मौखिक परंपरा जेथे एकमेकींना भेटतात ती जागा एकोणिसाव्या शतकातील हबेई प्रांताच्या श्योंग तालुक्यात आहे. तेथील ल्यू शिजुन याने बीजिंगमधील छावण्यांत ही विद्या शिकवली, आणि त्याच परिसरातला छन झिजंग (१८७८–१९३३) याने तिला वेगवान ठोशांच्या ‘फान्झी’ या पद्धतीशी जोडलेल्या रूपात देशभर नेले.

छन झिजंगला हे करता आले ते एका संस्थेमुळे. शांघायमध्ये १९१० साली हुओ युआनजिया या मल्लाच्या नावाभोवती उभी राहिलेली जिंगवू संघटना ही चिनी युद्धकलेच्या इतिहासातील मोठी क्रांती होती, कारण तिने घराण्याच्या बंद दारांआडच्या विद्या एका छताखाली, शुल्क भरणाऱ्या शहरी विद्यार्थ्यांसाठी, छापील पुस्तके आणि छायाचित्रांसह खुल्या केल्या. दक्षिणेत ग्वांगजौ, हाँगकाँग आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांपर्यंत तिच्या शाखा पोहोचल्या, आणि गरुडपंजा ही उत्तरेतली विद्या कँटनी भाषकांत रुजली ती याच वाटेने. आज जगात शिकवल्या जाणाऱ्या गरुडपंज्याचा मोठा भाग हाँगकाँगमधून बाहेर पडलेला आहे, हा या स्थलांतराचाच परिणाम होय.

दक्षिणेचा स्वतःचा पंजा मात्र वाघाचा. ग्वांगदोंग प्रांतातील हुंग घराण्यात वाघ आणि करकोचा यांची जोडी मानली जाते: वाघ हाडे व कंडरा घडवतो आणि सरळ बळाने पुढे जातो, करकोचा अंतर राखतो आणि बाजूने वार करतो. वाँग फेई-हुंग (१८४७–१९२५) याच्या नावाने ही परंपरा सर्वांना माहीत आहे, पण ती ग्रंथबद्ध झाली त्याचा शिष्य लाम साय-विंग याच्या नावावरील सचित्र पुस्तकांमुळे. या घराण्यात बोटांची कमावणी वेगळा विषय म्हणून नंतर येत नाही. अग्रबाहू ताणून, श्वास दाबून, अतिशय संथ गतीने केलेल्या हालचालींत पंजा उघडण्या-मिटण्याचे काम पहिल्यापासून मिसळलेले असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ज्या हालचाली दिखाऊ वाटतात त्या वास्तविक वजनाशिवाय केलेली वजनाची मेहनत असते.

फुजियान प्रांतातून ही विद्या समुद्रापलीकडे गेली. ओकिनावाचा हिगाओन्ना कानर्यो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फूचौ शहरात राहून शिकला, आणि उएची कानबुन १८९७ ते १९१० या काळात त्याच शहरात होता. एकाच्या परंपरेतून गोजू-र्यू आणि दुसऱ्याच्या परंपरेतून उएची-र्यू ही कराटेची दोन घराणी उभी राहिली. गोजू-र्यूच्या शाळांत आजही ‘निगिरी-गामे’ नावाचे, काठाला बोटांनी धरून उचलायचे मातीचे घट वापरले जातात. तंत्रे बदलतात, नावे बदलतात, पण साधन सहसा बदलत नाही. म्हणून फुजियान आणि ओकिनावा यांचे नाते सांगताना वंशावळींपेक्षा हा घट अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे.

भारतीय वाचकाच्या मनात येथे बोधिधर्माचे नाव येणे स्वाभाविक आहे. दक्षिण भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात युद्धकला सुरू केली आणि ‘यीजिनजिंग’ हा कंडरा पालटण्याचा ग्रंथ लिहिला, अशी समजूत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. हा ग्रंथ प्रत्यक्षात सतराव्या शतकातला आहे. त्याच्याशी झिनिंग नावाच्या एका ताओपंथीयाचे १६२४ सालचे लेखन जोडलेले आहे, आणि त्याला लावलेल्या जुन्या काळच्या सेनापतींच्या प्रस्तावना बनावट असल्याचे चिनी विद्वानांनी फार पूर्वीच दाखवून दिले होते. विसाव्या शतकात तांग हाओ (१८९७–१९५९) याने बोधिधर्माची कथा इतिहासाच्या कसोटीवर तपासून बाजूला सारली, आणि पुढे मेइर शाहार या इस्रायली संशोधकाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या शाओलिनवरील ग्रंथात या साऱ्या पुराव्याची तपशीलवार फेरमांडणी केली. शाओलिनच्या भिक्षूंनी ६२१ साली तांग राजपुत्राच्या बाजूने लढाईत भाग घेतल्याचा शिलालेख आहे; पण तेथील निःशस्त्र युद्धकला मिंग राजवटीच्या अखेरीस आणि त्यानंतर भरास आली, तोवर मठाची कीर्ती काठीच्या युद्धाची होती. भारताचा चिनी आरोग्यसाधनेवर प्रभाव नव्हता असा याचा अर्थ नाही. बौद्ध ध्यानमार्गाच्या रूपाने तो खोलवर होता. ‘यीजिनजिंग’चे मोल मात्र या वादात झाकोळू नये. शरीर मालिश करून, लाकडी मुसळांनी आणि गोट्यांच्या पिशव्यांनी ठोकून क्रमाने कठीण करण्याची सविस्तर योजना त्यात आहे, आणि त्याच्या काही प्रतींत हात कोमट पाण्याने धुऊन काळ्या-हिरव्या कडधान्याच्या भांड्यात पुन्हा पुन्हा खुपसण्याचा विधीही येतो. बोटे कमावण्याच्या पुढच्या अनेक पद्धतींची बीजे तेथे दिसतात.

या पद्धतींपैकी सर्वांत बोलकी पद्धत घटाची आहे आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. अरुंद तोंडाचा, काठ बाहेर वळलेला एक मातीचा घट घेतात. पाय रुंद फाकवून, मांड्या जवळजवळ आडव्या होतील इतके खाली बसण्याच्या ‘अश्वस्थिती’त उभे राहून, पाच बोटांची टोके काठाखाली अडकवून तो उचलतात, हात खांद्याच्या रेषेत आणतात, काही काळ धरतात आणि न आपटता खाली ठेवतात. सुरुवात रिकाम्या घटाने होते. काही दिवसांनी त्यात मूठभर वाळू घातली जाते, मग आणखी मूठभर. घट वाळूने भरला की वाळूच्या जागी लोखंडी गोळ्या येतात, आणि भरलेला घट हातात घेऊन चालण्याचा टप्पा त्यानंतर येतो. काठ गोल असल्यामुळे बोटांना सरळ आवळता येत नाही, अंगठ्याला सतत समोरून दाब द्यावा लागतो, आणि एकही बोट आळसले तर घट कलतो. घाई करणाऱ्याच्या हातून घट निसटून फुटतो, म्हणजे साधनच शिष्याला शिस्त लावते. मूठभर वाळूचे प्रमाणही विचारपूर्वक ठरवलेले आहे, कारण स्नायूंचे बळ पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागते, पण कंडरांना रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने त्या महिन्या-महिन्यांच्या, कधी वर्षांच्या मापाने जाड होतात. स्नायूच्या उत्साहाने वजन वाढवणाऱ्याची कंडरा मागे राहते आणि दुखापत तिथेच होते.

घटाच्या जोडीला इतर साधने येतात. कुलपासारखी मूठ असलेला दगडी ठोकळा वर फेकून हवेत झेलणे, वाळूची पिशवी एकाने फेकून दुसऱ्याने बोटांनीच पकडणे, जेवणाच्या काड्यांची जुडी दोन्ही हातांनी पिळणे, दांड्याला दोरीने बांधलेले वजन मनगटे फिरवत गुंडाळून वर घेणे, बोटांच्या टोकांवर जोर काढणे: या सर्वांत पकड चालू वस्तूवर बसवायची असते किंवा पिळाला तोंड द्यायचे असते, आणि छिननाला नेमके हेच हवे असते. शाओलिनच्या नावावरील ७२ कला सांगणारे जिन जिंगझोंग याचे १९३४ सालचे पुस्तक या साधनांचा मोठा साठा आहे. त्यात जाड फळीत ठोकलेले खिळे अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांनी उपटण्याची साधना आहे. पुढे तेच खिळे गंजू देऊन मग उपटायचे असतात. अशी वर्णने वाचताना त्यांतली अतिशयोक्ती गाळावी लागते, तरी त्यांमागचे तत्त्व, म्हणजे विरोध वाढवत नेण्याचे आणि हाताला रोज थोडे अधिक मागण्याचे तत्त्व, आजच्या व्यायामशास्त्राशी जुळते.

धान्यात आणि वाळूत बोटे खुपसण्याच्या साधनेविषयी मात्र स्पष्ट मत नोंदवणे भाग आहे. मूग, मग वाळू, मग लोखंडी छर्रे असा तिचा क्रम सांगितला जातो आणि छायाचित्रांत तीच सर्वाधिक दिसते, पण पंज्याच्या उद्दिष्टाशी तिचे नाते सर्वांत दुबळे आहे. धरण्यासाठी बोटांना ओढीचे बळ लागते. खुपसण्यात मात्र भार बोटाच्या टोकापासून थेट सांध्यांवर उभा पडतो. हाडावर भार पडला की ते हळूहळू दाट होते, हे तत्त्व जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ याने १८९२ साली मांडले आणि ते खरेही आहे; परंतु सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिची झीज भरून येत नाही, आणि बोटाच्या टोकांत तर स्पर्शाचे ग्राहक शरीरातल्या इतर बहुतेक भागांपेक्षा दाट असतात. टोके बधिर झालेला हात काही विटा फोडू शकेल, पण प्रतिस्पर्ध्याच्या अंगातील ओढ कोणत्या दिशेला चालली आहे ते त्याला कळणार नाही, आणि ते न कळणारा पंजा छिननात निकामी असतो. तळहाताच्या करंगळीकडच्या भागावर वारंवार आघात केल्याने तेथील रोहिणीला इजा होऊन बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, हे आधुनिक वैद्यकाने हातोड्यासारखा हात वापरणाऱ्या कामगारांत नोंदवलेले आहे. वाढत्या वयाच्या मुलांच्या बोटांच्या हाडांत वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात आणि प्रस्तरारोहण करणाऱ्या किशोरांत त्या पट्ट्यांची मोड दिसून आली आहे. म्हणून मुलांना बोटांच्या टोकांवर जोर काढायला लावणे किंवा धान्यात हात खुपसायला लावणे ही परंपरानिष्ठा नसून निष्काळजीपणा आहे. प्रस्तरारोहकांच्याच अनुभवाने आणखी एक गोष्ट दाखवली आहे: मधला सांधा घट्ट वाकवून आणि टोकाचा सांधा मागे ताणून भार घेतला की कंडरेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्यांपैकी बुडाजवळची महत्त्वाची कडी फाटते. गरुडपंज्यात टोकाचा सांधाही वाकलेलाच ठेवण्याचा आग्रह या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

कमावणीचा दुसरा अर्धा भाग औषधाचा. ‘दिएदा’ म्हणून ओळखली जाणारी, पडझड व मार यांवरची औषधे तांदळाच्या मद्यात महिनोन् महिने मुरवली जातात. त्यांत करडईची फुले, हिराबोळ, ऊद आणि इतर मुळे-डिंक असतात, आणि प्रत्येक घराण्याची आपली कृती असते. मराठवाड्यात तेलासाठी पेरली जाणारी करडई चिनी वैद्याच्या दृष्टीने प्रथम रक्त वाहते ठेवणारे फूल आहे. या अर्कांच्या गुणांविषयी दावे मोठे असले, तरी त्यांचा एक लाभ वादातीत आहे: मेहनतीच्या आधी आणि नंतर हात कोमट करून, चोळून, सांधा न् सांधा हलवून घेण्याची सक्ती त्यांच्यामुळे होते. जुन्या शिक्षकांपैकी अनेक जण हाडवैद्यही होते. वाँग फेई-हुंगचा ग्वांगजौमधील ‘पो ची लाम’ दवाखाना १९२४ सालच्या दंगलीत जळेपर्यंत चालला होता. सांधा निखळवण्याची आणि बसवण्याची दोन्ही कामे एकाच हाताने करणाऱ्या माणसाला आपल्या शिष्याची बोटे जपण्याची निकड जशी कळते, तशी केवळ लढणाऱ्याला कळत नाही. दवाखाना आणि आखाडा वेगळे झाल्यावर कमावणीतले पथ्य सुटले आणि कष्ट तेवढे उरले, हे विसाव्या शतकातील या विद्येचे खरे नुकसान आहे.

कादंबरी आणि चित्रपट यांनी पंज्याला जी कीर्ती दिली तिची दिशा उलटी होती. जिन योंग याच्या १९५७ ते १९५९ या काळात हाँगकाँगच्या दैनिकातून क्रमशः आलेल्या गरुडवीरांच्या कादंबरीत मेई छाओफंग ही स्त्री कवट्यांत पाच बोटे रुतवून भयंकर पंजा साधते. पण कादंबरीकाराने तिच्या भीषणतेचे कारणही दिले आहे, की तिच्या हाती मूळ ग्रंथाचा उत्तरार्धच लागला होता आणि आतल्या साधनेचा पाया सांगणारा पूर्वार्ध तिने कधी वाचलाच नव्हता. गुरूविना, अर्ध्या पुस्तकावरून केलेल्या कमावणीचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे, आणि वाचकांनी कवट्या लक्षात ठेवून हे कारण विसरावे हे दुर्दैवच. १९७८ च्या ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ या चित्रपटात गरुडपंजा खलनायकाच्या हाती गेला आणि जगभर तो तसाच पोहोचला. १९८० च्या दशकात सिचुआनचा भिक्षू हायदंग दोन बोटांवर उलटा उभा राहतो या दृश्याने चीनभर कुतूहल माजवले आणि पुढे त्याच्या खरेपणावरून वर्तमानपत्रांत व न्यायालयातही वाद झाले. अशा चमत्कारांवर या विद्येची पारख करणे अन्यायाचे आहे, कारण दोन बोटांवर तोललेला देह कोणालाच पकडत नाही.

पंज्याचा व्यवहारातील वापर आटला याचे कारण मात्र कादंबऱ्यांत शोधता येत नाही. १९७९ पासून चीनमध्ये प्रयोगरूपाने सुरू झालेली ‘सान्दा’ ही स्पर्धा ठोसे, लाथा आणि पाडणे यांना वाव देते, पण खेळाडूंच्या हातांत मोजे असतात. मोजा चढला की बोटे झाकली जातात आणि छिननातील मर्मावरच्या पकडी एका क्षणात बाद होतात. दुसरीकडे प्रात्यक्षिकांच्या स्पर्धांत गरुडपंजा आणि व्याघ्रपंजा टिकले, पण तेथे परीक्षक ठेवण, उडी आणि तोल पाहतात, धरलेले मनगट पाहत नाहीत. पकड म्हणून ही विद्या जिवंत राहिली ती पोलीस आणि सशस्त्र दलांच्या प्रशिक्षणात, जेथे ‘छिनदी’ म्हणजे शत्रूला जिवंत पकडण्याची कवायत आजही शिकवली जाते. संशयिताचा खांदा, कोपर आणि मनगट एकाच ओळीत आणून, त्याला इजा न करता जमिनीवर बसवण्याची ही कवायत घटाशिवाय आणि खिळ्यांशिवाय काही महिन्यांत शिकवावी लागते. त्यामुळे तीत पकडींची संख्या कमी, मनगटावरचा भर जास्त आणि बोटांच्या कमावणीची जागा साध्या दांड्याच्या व जोरांच्या व्यायामाने घेतलेली दिसते.